पहारेकऱ्याचे दात

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे, पण मला बघून आजवर एकही चोर पळालेला नाही. चोर सोडा, शेंबडं पोरसुद्धा कधी दचकलेलं नाही. उंचीने मी तुमच्या मधल्या बोटाएवढा. अंग धातूचं, हातात भाला, डोक्यावर शिरस्त्राण, कमरेला पट्टा आणि तोंडभर दात. यातलं बाकी सगळं माझ्यासारख्या प्रत्येक धातूच्या शिपायाकडे असतं. दात मात्र फक्त माझ्याकडे आहेत. ते कसे आले, तीच माझ्या आयुष्याची गोष्ट.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे काय, तर एक खोली, एक भट्टी आणि एक ओतारी. तो कथील वितळवायचा, डबीसारखा उघडणारा रबरी साचा घ्यायचा, धातू चिकटू नये म्हणून साच्याच्या आत पांढरी भुकटी फुंकायचा आणि मग पळीने रस ओतायचा. काम नेकीचं होतं. पण ती भुकटी एका साच्यात जायची तर चार वेळा त्याच्या नाकात जायची. माझा रस ओतता ओतता त्याला शिंक आली. पळी हलली, धातू गडबडला आणि हवेचा एक बुडबुडा नेमका माझ्या मिशीखाली अडकून बसला. साचा उघडला तेव्हा माझ्या मिटलेल्या ओठांच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं.

ओताऱ्याने मला उजेडात धरलं, नाक पुसलं आणि म्हणाला, "चालतंय. रंगात बुजेल."

या जगात माझ्याविषयी बोललं गेलेलं ते पहिलं वाक्य. पुढे मी पुष्कळ शहाणी माणसं पाहिली. पण आपल्या हातून राहिलेली उणीव दुसऱ्याच्या रंगात बुजेल, ही आशा बहुतेकांना असते.

मी एका पेटीत आडवा पडलो. पेटीवर माझंच रंगीत चित्र होतं. चित्रातला मी फार करारी होतो. भुवया आवळलेल्या, मिशा खाली वळलेल्या, ओठ गच्च मिटलेले. जुन्या काळी कुठल्याशा गडाच्या दरवाजावर असे पहारेकरी उभे असत म्हणे. त्यांच्यासमोर आलेल्या माणसाला आपण काय गुन्हा केला ते आपोआप आठवे.

दुकानातून मला एका निवृत्त इतिहासशिक्षकांनी नेलं. त्यांच्या घरी काचेच्या कपाटात अशा रंगवलेल्या शिपायांची पलटणच होती. मला वाटलं, आता आपणही त्यात उभे राहणार. पण त्यांनी मला कागदात गुंडाळलं आणि थेट आपल्या धाकट्या बहिणीच्या घरी नेऊन तिच्या यजमानांपुढे ठेवलं. ते यजमान म्हणजे दातांचे डॉक्टर.

त्या घरावर तेव्हा मळभ आलेलं होतं. घराची पुढची खोली हाच डॉक्टरांचा दवाखाना. तिथला दिवा बदलायला डॉक्टर स्टुलावर चढले. स्टूल एकीकडे गेलं, डॉक्टर दुसरीकडे गेले आणि उजवं मनगट दोघांच्या मध्ये सापडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण हाताला कंप राहिला. चहाचा कप उचलला की बशी टाळ वाजवायची. हाडांचे डॉक्टर म्हणाले, की बारीक काम करत राहा, हात वळणावर येईल. आता दातांच्या डॉक्टरांनी आयुष्यभर लोकांना सल्ले दिले होते, पण सल्ला घेण्याची सवय त्यांना कुठली? त्यांना दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. तो त्यांनी शेजारच्यांच्या कुत्र्याला देऊन टाकला. म्हणून मेहुण्यांनी, म्हणजे त्या इतिहासशिक्षकांनी, रंगवायला मला आणून दिलं.

दवाखान्यातली मोठी खुर्ची पांढऱ्या चादरीखाली झाकली होती. डॉक्टर त्या खोलीत जात नसत. तिथे कामाला असलेल्या मावशी मात्र रोज यायच्या, चादरीवरची धूळ झटकायच्या, पिटुकले आरसे पुसून पुन्हा ओळीत मांडायच्या आणि निघून जायच्या. दारावर अधूनमधून बेकरीवाल्या बाई डोकवायच्या. त्यांच्या दाढेचं काम अर्ध्यावर राहिलं होतं. त्या एका गालाने जेवायच्या आणि दुसऱ्या गालावर हात ठेवून बोलायच्या. दुसऱ्या कुणाकडे जा म्हटलं, की म्हणायच्या, अर्धी विणलेली बाही कुणी दुसऱ्या घरी नेऊन देतं का?

पलीकडच्या गल्लीत एक तरुण दंतवैद्य नवा दवाखाना काढत होता. मुलगा सालस होता. त्याने अगदी अदबीने विचारलं, की सर, खुर्ची तुम्हाला लागणार नसेल तर मी नेऊ का? डॉक्टर टेबलावर पडलेल्या माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हा शिपाई रंगवून होऊ दे. हात कसा चालतो ते बघतो, मग सांगतो."

मित्रांनो, मी पहारेकरी. मी परीक्षा केव्हापासून घ्यायला लागलो, ते माझं मलाच कळलं नाही. पण त्या क्षणापासून घरातला जो तो माझ्याकडे निकालाच्या कागदाकडे बघावं तसं बघू लागला.

या घरात आणखी एक व्यक्ती होती, आणि माझ्या मते तीच घराचा कणा होती. डॉक्टरीणबाई. आवाज असा मऊ, की रागावल्या तरी समोरच्याला वाटावं आपली विचारपूस चालली आहे. त्यांचा एक नेम होता. रोज उजाडताना देवापुढे लहानसा दिवा लावायचा आणि तो आपोआप शांत होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. फुंकर मारायची नाही, वात मागे ओढायची नाही. तेल संपलं की मौन संपलं. लग्न होऊन आल्यापासून हा नेम एकदाही मोडला नव्हता. दूध उतू जाताना त्यांनी पाहिलं होतं, मांजर उंबरा ओलांडून आत येताना पाहिलं होतं, पण तोंडातून शब्द काढला नव्हता. फार तर "अंऽऽ" एवढा सूर काढायच्या आणि बोट दाखवायच्या.

माझं रंगकाम सुरू झालं ते जेवणाच्या टेबलावर. कुठल्याही रंगाऱ्याने असा थाट मांडला नसेल. डॉक्टरांनी तोंडाला मुखपट्टी बांधली, हातमोजे चढवले, कपाळावर भिंग लावलं. कवळीचा साचा घ्यायच्या मेणाने माझे पाय एका बाटलीच्या झाकणावर रोवले. मग माझ्या गळ्याभोवती कागदी रुमाल अडकवला आणि सवयीने म्हणाले, "हं, आ करा."

मी अर्थातच केला नाही. मी करारी होतो.

आधी त्यांनी मला कोऱ्या टूथब्रशने साबण लावून घासलं. वरून खाली, खालून वर, हिरड्यांकडून टोकांकडे. मला ना हिरड्या, ना टोकं, पण हयगय नाही. मग साच्याच्या जोडाची जी बारीक रेघ माझ्या दोन्ही कानांवरून गेली होती ती कानशीने घासून काढली. त्यात डावा कान जरा लहान झाला. मग अस्तराचा फवारा मारला तो इतक्या जवळून, की अंगावर दुलई पांघरल्यासारखं वाटलं आणि नाकाच्या शेंड्यावर थेंब लोंबायला लागला. सगळं पुसून पुन्हा मारावं लागलं.

तरी इथवर ठीक होतं. खरी पंचाईत झाली ती कुंचला हातात घेतल्यावर. मेहुण्यांनी बजावलं होतं की अंगरखा गर्द तांबडा हवा. डॉक्टरांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, श्वास रोखला आणि कुंचला माझ्या खांद्याला टेकवला. खांदा रंगला. त्याबरोबर गाल रंगला, बूट रंगला, टेबलावरचं कापड रंगलं, आणि डॉक्टरांच्या चष्म्यावर एक ठिपका पडला. पुढचा सगळा वेळ त्यांना घरातली प्रत्येक वस्तू रक्तबंबाळ दिसत होती. पट्टा काळा करायला गेले तर तो माझ्या अंगावर सापासारखा सरपटत गेला. डोळे काढायला गेले तर एक डोळा आढ्याकडे बघायला लागला आणि दुसरा जमिनीकडे. तो उद्योग पुसून टाकून डोळे शेवटावर ठेवले. म्हणून पुढची काही हकिकत मी डोळ्यांवाचून पाहिलेली आहे. कशी, ते विचारू नका.

असे बरेच दिवस गेले. डॉक्टर रोज बसायचे, रोज उठताना कुंचला जरा जोरात ठेवायचे. जेवताना बोलणं कमी झालं. तरुण दंतवैद्य रस्त्यात भेटला तर डॉक्टर पलीकडच्या बाजूने जायला लागले. डॉक्टरीणबाई काही विचारत नसत. फक्त दिव्यात तेल घालताना हल्ली त्यांचे ओठ नेहमीपेक्षा जास्त वेळ हलत.

आणि मग ती सकाळ आली.

डॉक्टर भिंग लावून माझ्या मिशीला काळा रंग द्यायला बसले होते. कुंचला मिशीपाशी आला आणि थांबला. डॉक्टरांनी मान वाकडी केली. भिंग खाली ओढलं. मला उजेडात धरलं. ओताऱ्याच्या शिंकेचं भोक त्यांना दिसलं होतं.

दुसऱ्या कुणाला ते भोक दिसलं असतं तर त्याने त्यात रंग भरला असता. पण हे दातांचे डॉक्टर. तोंडात भोक म्हणजे कीड. कीड म्हणजे ती आधी पूर्ण काढायची आणि मग भरायची. वरून रंग फासणं म्हणजे त्यांच्या धर्मात पाप.

ते उठले. मला झाकणासकट उचललं, पुढच्या खोलीचं दार उघडलं आणि त्या खुर्चीवरची चादर एका झटक्यात ओढली. मला खुर्चीच्या डोक्याशी, उशीवर ठेवलं. वरचा मोठा दिवा लावला. नेमक्या तेव्हा मावशी झाडू घेऊन आत आल्या. उघडी खुर्ची बघितली, लागलेला दिवा बघितला, आणि पेशंट कोण एवढंसुद्धा न विचारता झाडू भिंतीला टेकवून, हात धुऊन, खुर्चीच्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. पाय तिकडे आपोआप वळले असणार. डॉक्टरांनी न बघता हात पुढे केला. मावशींनी न बघता त्यात यंत्र ठेवलं. गुर्रर्र आवाज सुरू झाला.

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई धावत आल्या. देवापुढचा दिवा नुकताच लागला होता. त्यांनी खुर्चीत मला पाहिलं आणि काय चाललं आहे ते त्यांच्या ध्यानात आलं. माझ्या पेटीवरचं चित्र त्यांनी रोज टेबल आवरताना पाहिलेलं होतं. पहारेकऱ्याचं तोंड मिटलेलं असतं, हे त्यांना पाठ होतं.

"अंऽऽ," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी वर पाहिलंच नाही. "झालं, झालं," ते म्हणाले.

"अंऽऽ! अं अं!"

"दुखतंय का? थोडंच राहिलंय."

मित्रांनो, यात डॉक्टरांचा दोष नाही. ज्या माणसाने उभं आयुष्य आ वासलेल्या लोकांचं "अं अं" ऐकण्यात घालवलं, त्याला त्या सुराचा एकच अर्थ ठाऊक असतो आणि त्यावर एकच उत्तर ठाऊक असतं. डॉक्टरीणबाईंनी हातवारे केले, स्वतःचे ओठ चिमटीत धरून दाखवले. मावशींना वाटलं, बाईंचीही दाढ दुखते आहे, आणि त्यांनी खुणेनेच त्यांना बाकावर बसायला सांगितलं. डॉक्टरीणबाई देवघराकडे पळाल्या. दिवा नुसता तेवत नव्हता, ऐटीत तेवत होता. एरवी घाई नसताना भुर्रकन संपणारं तेल त्या दिवशी मेलं संपता संपेना. त्या परत आल्या, पुन्हा "अं" करायला तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या.

कारण त्यांची नजर माझ्या तोंडावरून डॉक्टरांच्या हातावर गेली होती. मग त्या हळूच बाकावर टेकल्या आणि पुढे त्यांनी हूं की चूं केलं नाही.

डॉक्टरांनी माझं भोक कोरून कोरून चांगलं ऐसपैस केलं. ओठ गेले. त्यात दातात भरायचा पांढरा मसाला भरला, निळ्या प्रकाशाने तो घट्ट केला, आणि मग सुईसारख्या हत्याराने त्यात एकेक दात कोरला. वरची ओळ, खालची ओळ, सुळेसुद्धा. शेवटी चमक दिली. खुर्ची सरळ केली आणि मला म्हणाले, "आता दोन तास काही खायचं नाही."

दिवा शांत झाल्यावर डॉक्टरीणबाई बोलायला मोकळ्या झाल्या. पण त्या माझ्या तोंडाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. डॉक्टर खुशीत होते. त्यांनी मिशी रंगवली, शिरस्त्राण रंगवलं आणि मेहुण्यांना निरोप पाठवला की शिपाई जवळजवळ झाला, बघायला या.

मेहुणे संध्याकाळी आले. त्यांनी मला तळहातावर घेतलं, खिडकीशी नेलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. माणूस मनाने वाईट नव्हता. पण इतिहास शिकवताना मुलांच्या चुका दाखवायची जिभेला सवय लागलेली.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हा गडाचा पहारेकरी आहे, की फोटोला उभा राहिलेला नवरदेव?"

आणि त्यांनी पेटीवरचं चित्र माझ्या शेजारी धरलं.

डॉक्टरांनी चित्राकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा चित्राकडे पाहिलं. मी आपला दात काढून उभा. त्यांचा चेहरा असा उतरला, की मेहुण्यांनाच चुटपुट लागली. ते घाईघाईने म्हणाले, की पहिला शिपाई सगळ्यांचाच बिघडतो, त्यात काय एवढं. रंग उतरवायचं एक औषध असतं, त्यात बुडवून ठेवा, ते दात उपसून काढा, ओठ पुन्हा घडवा, पहिल्यापासून सुरू करा. पण डॉक्टरांच्या कानात त्यातलं काही शिरत नव्हतं. ते बायकोला म्हणाले, "हात गेला होता, ते मी धरून चाललो होतो. आता नजरही गेली. तोंड उघडं की मिटलेलं, एवढंही मला दिसलं नाही. उद्या कुणाच्या चांगल्या दाढेला हात घालीन." आणि त्यांनी तरुण दंतवैद्याला सांगून पाठवलं, की सकाळी येऊन खुर्ची घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दिवा लागला. डॉक्टरीणबाईंचं मौन सुरू झालं. डॉक्टरांनी कवळी भिजवायचा पेला घेतला, त्यात ते रंग उतरवायचं औषध ओतलं आणि टेबलावर ठेवला. त्या वासानेच माझ्या पाचावर धारण बसली. पळावं तर पाय मेणात. ओरडावं तर तोंड उघडं असून उपयोग नाही. डॉक्टरांनी मला चिमट्यात धरून पेल्यावर नेलं.

"अंऽऽ," मागून आवाज आला.

"झालं, झालं," डॉक्टर मान न वळवता म्हणाले. त्यांचा आवाज ओला होता.

"थांबा."

मित्रांनो, मी धातूचा आहे, तरी माझ्या अंगावर काटा आला. बाहेर झाडणाऱ्या मावशींच्या हातातला झाडू पडला. देवघरात दिवा जळत होता, आणि डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या. डॉक्टर सावकाश मागे वळले. आपल्याला भास झाला असं त्यांना वाटलं असावं.

त्या आपल्या नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "दात चुकले असतील. हात नाही चुकला. मी बघत होते. भिंग लावून तुम्हीही बघा एकदा."

डॉक्टरांनी मला पेल्यावरून बाजूला घेतलं. भिंग लावलं आणि माझ्या दातांकडे बघत बसले. आधी नवऱ्याच्या नजरेने पाहत होते, मग हळूहळू डॉक्टरच्या नजरेने पाहू लागले. केसाएवढ्या फटी, प्रत्येक फट सरळ. कुठे ओरखडा नाही, कुठे हत्यार घसरल्याची खूण नाही. माझा अंगरखा म्हणजे भूकंप होता, पट्टा म्हणजे साप होता, पण दातांवर कंपाचा मागमूस नव्हता. सुळ्यांना तर वयाप्रमाणे किंचित झीजसुद्धा दाखवली होती.

दारातून मावशी म्हणाल्या, "आणि डॉक्टर, हत्यार तुम्ही न बघता मागितलंत. पूर्वीसारखं."

डॉक्टरांनी सगळ्यात बारीक कुंचला घेतला. या वेळी मनगट धरलं नाही. मला समोर बसवलं, जरा विचार केला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आ करा." तो तर मी केलेलाच होता. त्या भरात त्यांनी माझा उजवा डोळा काढला, मग डावा. दोन्ही समोर बघणारे. डोळे मिळाल्यावर मी पहिली गोष्ट पाहिली ती त्यांचा चेहरा, आणि त्याच्या मागे पदराने डोळे टिपणाऱ्या डॉक्टरीणबाई.

मग बेकरीवाल्या बाईंना बोलावणं गेलं. त्या पिठाच्या हातांनीच आल्या आणि कुणाचं मन बदलायच्या आत खुर्चीत जाऊन बसल्या. खरं सांगतो, हातमोजे चढवताना डॉक्टरांची बोटं पुन्हा कापायला लागली. थाळीतली हत्यारं किणकिणली. मावशींनी काय केलं, मला उचलून त्या थाळीत, हत्यारांच्या शेजारी उभं केलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी हसलो. म्हणजे मी हसतच होतो. त्यांनी दाढेत हत्यार घातलं आणि किणकिण थांबली.

काम ऐन रंगात असताना तरुण दंतवैद्य हमाल घेऊन दारात आला. बघतो तर खुर्चीत एक बाई आ वासून पडलेली. त्याने अदबीने विचारलं, "सर, खुर्ची?"

बेकरीवाल्या बाईंनी डोळे वटारून "अं! अं अं अंऽऽ!" केलं. त्या काय म्हणाल्या ते मी इथे सांगत नाही, ऐकणाऱ्यांत लहान मुलं आहेत. पण दोघेही दंतवैद्य, दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, "झालं, झालं." मग तो मुलगा हसला, हमालांना परत पाठवलं, बाह्या सरसावल्या आणि डॉक्टरांना दिवा धरायला उभा राहिला.

मोडलेल्या नेमाचं डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त घेतलं. दिव्यात दुप्पट तेल घातलं आणि दुपार कलेपर्यंत मौन पाळलं. त्या दिवशी डॉक्टरांना मोजे सापडले नाहीत, साखरेचा डबा सापडला नाही, किल्ली सापडली नाही. चष्मासुद्धा सापडला नाही, आणि तो त्यांच्याच डोक्यावर होता. बायको रोज किती बोलते आणि त्यावर हे घर किती चालतं, हे त्यांना तेव्हा कळलं. प्रायश्चित्त नेमकं कोणाला घडलं, हे देवालाच माहीत.

पुढे डॉक्टरांना रंगवायचा नाद लागला. त्यांनी मेहुण्यांच्या कपाटासाठी अर्धी पलटण रंगवली. त्या सगळ्यांचे ओठ मिटलेले आहेत, पट्टे सरळ आहेत, कान सारखे आहेत. मेहुणे पाहुण्यांना अभिमानाने ते कपाट दाखवतात. मला कुणी त्या कपाटात उभं केलं नाही. मी दवाखान्यातच राहिलो. हत्यारांच्या थाळीशेजारी माझी चौकी. रडत येणारी मुलं मला बघायची, हसायची, आणि हसली की तोंड उघडायचं, म्हणजे डॉक्टरांचं अर्धं काम झालं. कितीतरी वर्षं मी त्या तोंडांवर पहारा दिला.

मग मावशी थकल्या, काम सोडून गेल्या. नवी कपाटं आली. मी आधी कापसाच्या बरणीमागे गेलो, मग खणात, मग जुन्या दिव्यांबरोबर एका खोक्यात. कितीतरी दिवस मी अंधाराला दात दाखवत उभा होतो. एका सकाळी खोकं उघडलं. आधी काहीच ऐकू आलं नाही, नुसतं "अंऽऽ" ऐकू आलं. मी ओळखलं, देवापुढे दिवा लागलेला आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि परत जागेवर उभं केलं.

आता डॉक्टर थोडाच वेळ बसतात, बाकीचा वेळ तो तरुण दंतवैद्य सांभाळतो. तोही आता तितकासा तरुण राहिलेला नाही. माझा भाला वाकला आहे. एका पेशंटच्या नुकत्या बसायला लागलेल्या बाळाने मला तोंडात घातलं, तेव्हापासून अंगरख्याचा तांबडा रंग पार उडाला. पट्टा दिसत नाही. डोळे पुसट झाले. पण दात आहेत तसे आहेत, कारण ते रंगाचे नाहीत. ते खऱ्या दाताइतक्या निगुतीने केलेले आहेत.

म्हणून मित्रांनो, या म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं एवढं ऐका. तुमच्या हातून पहिल्यांदा जे काही घडेल, ते वेडंवाकडं असेल. कुणीतरी त्याच्या शेजारी चित्र धरून दाखवेल. तेव्हा लगेच पेला भरायला घेऊ नका. आधी भिंग लावून नीट बघा, कुठेतरी दात कोरलेले असतील. दुसऱ्याचं काम बघायची वेळ आली तर त्याचे दात मोजण्याआधी त्याचा हात बघा. मधूनमधून आमच्यासारख्यांना बरणीमागून पुढे काढा, एखादं फडकं फिरवा. आणि हो, दात घासत जा, वरून खाली, खालून वर.

बाकी काय सांगू? गोष्ट सांगून झाली की शहाण्याने तोंड मिटावं म्हणतात. मीही मिटलं असतं, पण ते मला येत नाही.